भागाकार आणि गुणाकार



विजेचे गणित इंजिनियराचे, आपल्याला काय त्याचे, असे कामगार म्हणतो. पण शॉक बसतो तो त्यालाच. म्हणून आज तेवढेच गणित मांडतो.

ते शोधणारा गेऑर्ग ओहम हा जर्मनीतल्या कुलपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. १८२७ साली त्याने आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पदक मिळायला मात्र १८४१ साल उजाडले.

दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणा, शक्ती मिळते. समजा, घरची शेगडी २३० व्होल्टांवर ५ अँपिअर घेते. भागाकार ४६, म्हणजे रोध ४६ ओहम. गुणाकार ११५०, म्हणजे शक्ती ११५० वॅट. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. तेव्हा तासाला १.१५ युनिट. बिल घरीच ताडून पाहा.

आता शेगडीच्या जागी माणूस घ्या. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमांच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. शेगडीच्या प्रवाहाचा विसावा हिस्साही नाही, पण जीव घ्यायला पुरेसा.

“आजवर काही झाले नाही,” असे कारखान्यात ऐकवतात. आजवर हात कोरडे होते, आणि कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ अधिक असतो. घामाने, पावसाने तो उतरतो. दाब तोच राहतो. म्हणून अर्थिंग आणि रबरी हातमोजे आम्ही मेहेरबानी म्हणून मागत नाही. हा भागाकार पुढे ठेवून मागतो. आपणही तो करून पाहावा, एवढीच विनंती.