मानकोलीची माणसे मोजायची कशी?



मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाका आला की प्रथम दृष्टीस पडतात ती गोदामे. गाव त्यांच्या आड आहे. या खाडीकाठी आगरी समाजाची वस्ती जुनी. भाताची खाचरे आणि मिठाची आगरे ही त्याची उपजीविका; समाजाचे नावही त्या आगरांवरूनच पडले, असे मानले जाते. याच परिसरातील अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीज जाचाचे गाऱ्हाणे पेशव्यांपर्यंत नेले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली.

शेजारच्या भिवंडीची घडण निराळी. बंदराच्या व्यापारामुळे कोकणी मुसलमान तेथे पूर्वीपासून होते. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले, यंत्रमागांनी आणखी हजारो हातांना बोलाविले. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आसपासच्या खेड्यांचा इतिहास कोणाच्या ध्यानात येणार?

मोजणाऱ्याने जे विचारले, तेच कागदावर उरते. १९०० च्या सुमारास मॅसिडोनियातील त्याच खेड्यांना बल्गेरियन, सर्ब आणि ग्रीक अभ्यासकांनी आपापल्या आकड्यांत बसविले. पुढे १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. कसोटी धर्माची, भाषेची नव्हे. परिणामी तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानला. दोघेही नव्या देशात परकेच ठरले.

आपल्याकडे जातवार आकडे १९३१ पर्यंत प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती-जमातींपुरतीच ती नोंद राहिली. आगामी जनगणनेत जात पुन्हा विचारण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, हे खरे. परंतु एखादे कुळ कोठून आले, शेत कधी विकले, मिठागर का सोडले, हे कोणताही प्रगणक विचारणार नाही. ज्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव होते, त्यावर आता गोदाममालकाचे नाव आहे. आणि आगरी बोली नातवाच्या तोंडून हरपत आहे.

म्हणून ही नोंद गावानेच करावी. आरंभ वृद्ध स्त्रियांपासून व्हावा. पुरुषांना जमिनीचे गट आठवतात, स्त्रियांना मात्र माहेरे, सोयरिकी आणि पाण्याच्या वाटा. चाळीतील भाडेकरू हमालालाही त्याचे गाव व बोली विचारावी. त्या वहीत त्याचेही एक पान असावे.