पणजीची रिकामी खुर्ची

विधानसभेतील जागा रिक्त झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असा कायदा आहे. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर सूट. पणजीकरांना त्याचा अनुभव पुरेपूर आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सिद्धार्थ कुंकळ्येकरांनी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांसाठी लवकरच राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये पर्रीकर विजयी झाले. मार्च २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मे महिन्यात मतदार पुन्हा केंद्रावर! पाव शतक भाजपकडे असलेली ही जागा त्याने १,७५८ मतांनी काँग्रेसच्या मोन्सेरातांना दिली. जुलैत मोन्सेरातांसह पंधरांपैकी दहा आमदार भाजपवासी झाले. ते विलीनीकरण ठरले, म्हणून जागा रिक्त झाली नाही आणि पणजीच्या मतदाराला या वेळी कोणी विचारलेही नाही.