डंब्याचा गुन्हेगार कोण?



गुन्ह्यामागच्या मानसिक-सामाजिक कारणांची ही चर्चा मेळघाटात, धारणीत का, असं काहींनी विचारलं. कारण आमच्याकडे डंबा आहे. तान्ह्या लेकराचं पोट फुगलं की काही घरांत अजूनही विळा तापवून पोटावर चटके देतात; हाच डंबा. अशा प्रकरणांत गुन्हे दाखल होतात, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही लावला जातो. हे थांबलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण लेकराला भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, नेणारी आजी नातू वाचावा म्हणूनच जाते. गुन्हा माणूस जवळच्या माणसांकडून शिकतो, असं गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड सांगत. आजीही हे आपल्या आईकडून, सासूकडूनच शिकली. फरक असा, की सदरलँडच्या मांडणीत संगतीनं कायदा मोडण्याकडे ओढा तयार होतो. आजीच्या मनात कायदा नाहीच, लेकराची काळजी आहे आणि दवाखाना लांब आहे. ही आजी कोणत्या सिद्धांतात बसते, ते या मंडपात ठरावं.

आपल्या वऱ्हाडातल्या पारधी बांधवांची गोष्ट वेगळी; त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्काच मारला गेला. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडणारा गुन्हेशास्त्रज्ञ लोम्ब्रोझोचा ग्रंथ १८७६ सालचा. इंग्रजांनी आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा त्याआधीच, १८७१मध्ये केला होता. ३१ ऑगस्ट १९५२ला तो रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाते. शिक्क्यानं माणूस कसा घडतो, हे समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरनं १९६३मध्ये लिहिलं; बेड्यावरच्या पोरांना ते पुस्तकाविना ठाऊक होतं. इथं बसलेल्या पोलीस बांधवांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या पोरांचं नाव आधी शाळेच्या पटावर शोधा.

आता पुन्हा डंब्याकडे. भुमकांना विश्वासात घेऊन आजारी लेकरं दवाखान्यात पाठवण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत. म्हणून दुपारच्या सत्रात आम्ही भुमकांनाही बोलावलं आहे. ते कोरकू भाषेत बोलतील, आमचे शिक्षक मराठीत सांगतील. त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत कृपया कुणी प्रश्न विचारू नये.