काहीच होत नाहीये, म्हणून थांबू नका: पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर

आजचा विषय तुमच्या-माझ्या घरातल्या औषधांच्या डब्यातला आहे. पॅरासिटामॉल. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, कॅलपॉल म्हणा, आत औषध तेच. आणि घोळ इथूनच सुरू होतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत आपल्या हातात काय असतं, तेवढंच बोलूया.

समजा, ताप आला म्हणून सकाळी ६५०ची गोळी घेतली. अंग दुखतंय म्हणून दुपारी कॉम्बिफ्लाम. संध्याकाळी मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी. नावं तीन, पण पॅरासिटामॉल बहुधा तिन्हींत. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. म्हणजे ६५०च्या ६ गोळ्या झाल्या की ३.९ ग्रॅम, कोटा संपला. वजन कमी असेल, रोजची दारू असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर मर्यादा आणखी खाली.

लहान मुलांचं अजून नाजूक. बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरपचं माप डोक्यात ठेवून कुणी ड्रॉप्स ५ मिली पाजले, तर बाळाच्या पोटात १२०ऐवजी थेट ५०० गेले! म्हणून लेबल वाचा आणि त्याच बाटलीसोबत आलेलं माप वापरा.

आता खरा धोका ऐका. डोस जास्त झाला तरी पहिल्या दिवशी बहुतेकदा फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, उलटी, कधी तेही नाही. आत मात्र लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलपासून एक विषारी पदार्थ बनत असतो. एरवी ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. डोस फार झाला की तो साठा संपतो आणि लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ, हे नंतर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जळतोय आणि स्क्रीनवर एकही एरर नाही.

चांगली गोष्ट म्हणजे यावर उतारा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन. ते लिव्हरचा रिकामा साठा भरून काढतं. ८ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर वाचण्याची शक्यता खूपच जास्त. उशीर झाला तरी डॉक्टर ते देतात, त्यामुळे 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसायचं नाही.

गोळ्या एकदमच घेतल्या असतील, तर ४ तास झाल्यावर रक्तातली पातळी तपासतात आणि ती एका आलेखावर बघतात. रुमॅक आणि मॅथ्यू या दोघांनी १९७५ मध्ये मांडलेला आलेख. त्याचा आडवा अक्ष म्हणजे गोळ्या घेतल्यापासूनचे तास. वेळ चुकीची सांगितली तर निर्णयही चुकू शकतो.

म्हणून तीन गोष्टी लिहून घ्या: काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता घेतलं. रिकाम्या स्ट्रिप, बाटल्या पिशवीत टाका आणि निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. दूध, तूप, लिंबू, काही नाही. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७. पण माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर आधी १०८च.

आणि कुणी मुद्दाम गोळ्या घेतल्या असतील, तर ओरडू नका, 'का केलंस' नंतर विचारा. आधी हॉस्पिटल, तेही एकटं न सोडता. मन मोकळं करायला टेली-मानस आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आणि आज रात्री तो डबा उघडून बघा, किती पाकिटांवर पॅरासिटामॉल लिहिलंय ते. भेटू पुढच्या भागात!