डोहाचें भान

पावसाळा सुरू झाला म्हणजे मुंबई, ठाणें व नाशिक येथील मंडळींचे पाय डोंगरांकडे वळूं लागतात. पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याचा मुलूख त्यांतील अनेकांच्या आवडीचा. लेंडी नदीवरचा दाभोसा, जव्हारजवळची काळमांडवी, मोखाड्यांतील सूर्यमाळ, हीं नांवें ऐकूनच मन प्रसन्न होतें. परंतु या सौंदर्याच्या पोटांत दडलेल्या धोक्याची ओळख फार थोड्यांस असते.

२ जुलै २०२० रोजीं काळमांडवीच्या डोहांत पांच तरुण बुडाले. ते परगांवचे नव्हते, जव्हारचेच होते. आधीं दोघे पाय घसरून पडले, व त्यांस वाचविण्याकरितां इतरांनीं उड्या घेतल्या, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. ओळखीचें पाणीहि घात करतें, तें कसें?

सह्याद्रीचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. कोसळणारें पाणी आपल्याबरोबर आणलेल्या गोट्यांनीं तळ कोरीत राहतें आणि कड्याच्या पायथ्याशीं रांजणासारखा डोह होतो. दोन पावलें गुडघाभर असलेलें पाणी तिसऱ्या पावलास पुरुषभर होतें. धारेखालचें फेसाळ पाणी हवेनें भरलेलें असल्यामुळें माणसास नीट तरंगूं देत नाहीं, आणि वर आलेल्यास प्रवाह पुन्हा धारेखालीं ओढतो. मग पट्टीचा पोहणाराहि हतबल होतो. टाकून दिलेल्या दगडखाणींची गोष्ट याहून निराळी नाहीं. तेथील भिंती सरळ तासलेल्या असल्यामुळें बाहेर येण्यास उतार सांपडत नाहीं.

दुसरा धोका वरच्या पावसाचा. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. पाणी एकाएकीं वाढलें व परतीची वाट उरली नाहीं. पायथ्याशीं ऊन असलें तरी माथ्यावर सर कोसळत असते. पाणी गढूळ झालें, काटक्या-पाचोळा वाहूं लागला, आवाज वाढला, कीं सामान तेथेंच टाकून उंच जागा गांठावी. प्रवाहाच्या मध्यावरील खडकावर मुळींच बसूं नये.

आणि कोणी बुडूं लागला तर? मागोमाग उडी घेणें ही माया खरी, पण तीच माया एकाच्या जागीं पांचांचा बळी घेते. कांठावर आडवें पडून दोर, लांब काठी किंवा पिळा दिलेली साडी पुढें करावी. बूच लावलेला रिकामा डबा फेकावा. जवळच्या पाड्यावर हांक द्यावी, ११२ वर कळवावें. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर पोट दाबून पाणी काढण्यांत वेळ न दवडतां तोंडावाटे श्वास द्यावा व छाती दाबीत राहावें.

निघण्यापूर्वीं पाड्यावरील एखाद्या वडीलधाऱ्यास पाण्याचा ठाव विचारावा. तो "जाऊं नका" म्हणाला, तर कांठावरूनच धबधबा पाहून परतावें. दुरूनहि तो तितकाच सुंदर दिसतो, आणि घरीं वाट पाहणाऱ्यांस सहलीची हकीकत सांगणारा परत येतो.