तारेच्या आत, तारेच्या बाहेर



युनियनचा माणूस बायकांच्या कथा-कादंबऱ्यांवर काय बोलणार, असे बेलवलीत दोघांनी तरी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त. परंतु ज्या पुस्तकापासून आम्ही सुरुवात करणार, त्यात तार आहे, पहारा आहे, हजेरी आहे. तेव्हा विषय आम्हाला अगदीच परका नाही.

पुस्तक ‘बळी’, साल 1950. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्याआधी 1933 साली त्यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले, तेव्हा त्या बाळूताई खरे होत्या. शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातले त्यांनी लिहिले आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. कथांपेक्षा लेखिका कोण, याचीच चर्चा अधिक! टोपणनावाला कोणी भित्रेपणा म्हणो, आम्ही म्हणणार नाही. पहिले मागणीपत्रक बिनसहीचेच फिरते.

पुढे मालतीबाईंनी सोलापूरला गुन्हेगार म्हणविल्या जाणाऱ्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली. 1871 च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्यांना काटेरी तारेच्या आत ठेवीत आणि गिरण्यांत कामाला धाडीत. आता हजेरी आम्हालाही ठाऊक आहे. पण गिरणीतल्या हजेरीने पगार मिळतो. त्या हजेरीने एवढेच सिद्ध होई की माणूस पळून गेलेला नाही. देश सोडला नाही, तरी माणूस हद्दपार होतो तो असा. तो कायदा 1952 साली देशातून गेला. कादंबरीमुळे गेला, असे आम्ही म्हणत नाही. कायदे कादंबरीने मोडत नाहीत.

मग कादंबरीने काय होते? एका कारखान्यात मुकादमाच्या वागणुकीबद्दल एका बाईची तक्रार होती. चौकशीत तिला तारीख विचारली, वेळ विचारली, साक्षीदार विचारला. ती गप्प. कागदावर लिहिले गेले, ‘तक्रारीत तथ्य नाही.’ त्याच संध्याकाळी जिन्यात बसून तिने आम्हाला सारे सांगितले. पण ते सुरू झाले तिच्या आईपासून, मग गाव, मग नवरा, आणि शेवटी मुकादम. चौकशीच्या कागदात आईला रकाना नसतो. गोष्टीत असतो.

तरीही ‘बळी’बद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. ते तारेच्या आतल्या बाईने स्वतः लिहिलेले नव्हे. बाहेरून कामावर आलेल्या, डोळे उघडे असलेल्या बाईने लिहिलेले आहे. त्याचे मोल मोठे, परंतु आवाज उसना.

स्वतःचा आवाज ऐकायचा, तर आपल्याला सोलापूरपर्यंत जायला नको. बदलापूरहून गाडीत बसा. अंबरनाथ सोडले की उल्हासनगर. लष्कराच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना उतरविले आणि 1949 च्या ऑगस्टात त्या छावणीला हे नाव मिळाले. पंजाब फाटला, बंगाल फाटला, तरी तुकडा तुकडा राहिला. सिंध अख्खाच पलीकडे गेला. या माणसांच्या पदरी राहिली ती भाषा, आणि तिला प्रांत नाही.

त्या भाषेत बायकांनी लिहिले आहे. सुंदरी उत्तमचंदानी आणि पोपटी हिरानंदानी, दोघींचा जन्म 1924 चा, दोघी हैदराबाद सिंधच्या, दोघी फाळणीनंतर मुंबईकर. सुंदरीबाईंची ‘किरंदड दीवारूं’, म्हणजे कोसळत्या भिंती, ही कादंबरी 1953 ची. ‘विछोडो’ या कथासंग्रहाला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार. पोपटीबाई प्राध्यापिका झाल्या. हुंडा मागितला म्हणून त्यांनी लग्न मोडले आणि एकट्या राहिल्या. त्यांच्या आत्मकथेला 1982 चा अकादमी पुरस्कार मिळाला. दोघींना कोणाची दया नको होती, हे आम्हाला विशेष वाटते. घर गेले त्याचे रडगाणे न करता, घराबाहेर पडून मिळवायला लागलेली बाई घरात परत पूर्वीसारखी मावेना, हे त्यांनी ओळखले.

आम्ही उल्हासनगरच्या गल्ल्यांतून पुष्कळ फिरलो. घरी बसून पापड लाटणारी, नगावर शिवण करणारी बाई कोणत्याच हजेरीपटावर सापडत नाही. तिच्यासाठी मागणीपत्रक लिहायचे, तर ते मालक म्हणून कोणाच्या नावे लिहावे, येथूनच अडते.

व्यवस्थापकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वसंतात उल्हासनगरची एखादी सिंधी बाई या व्यासपीठावर बोलवा. तिला सिंधीतच बोलू द्या. शेजारी बसून मराठीत सांगणारा माणूस आम्ही आणू. आणि आईपासून सुरुवात केली, तर घंटा वाजवू नका.