संशोधनामागचे हात
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्हाला विषय दिला आहे 'अंटार्क्टिकावरील संशोधन'. आता खरं सांगायचं तर आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. आम्ही तिथे गेलो ते जनरेटर चालू ठेवायला, गाड्या दुरुस्त करायला, सामान ओढायला, चार घास शिजवून घालायला. 'आम्ही' म्हणतो तेव्हा आम्ही एकट्याबद्दल बोलत नाही. मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, स्वयंपाकी, वायरलेसवाला, डॉक्टर असा आमचा सगळा मेळा. तेव्हा जे आम्हाला ठाऊक आहे तेच आज सांगतो. शास्त्रज्ञाचे संशोधन कागदावर येते, पण ते उभे कशावर राहते?

पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाला असलेला हा खंड. तिथे गाव नाही, शेत नाही, झाड नाही. २१ जुलै १९८३ रोजी रशियाच्या व्होस्तोक केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जमिनीवर मोजलेली ती सर्वांत कडक थंडी. आपल्या देशाची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते, एकूण माणसे २१. नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले 'पोलर सर्कल' नावाचे जहाज. ९ जानेवारी १९८२ रोजी ते तिथे उतरले. म्हणजे जायलाच महिन्याच्या वर दिवस लागले! तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, आपले पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' उभे राहिले. याच मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरच्या अदिती पंत या दोन शास्त्रज्ञ होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

दक्षिण गंगोत्री उभारली ती समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर. वर्षानुवर्षे बर्फ साचत गेला आणि केंद्र हळूहळू त्यात गाडले गेले. १९९० पर्यंत ते बंद करावे लागले. तोवर शिर्माखर नावाच्या भागात, उघड्या खडकावर, 'मैत्री' केंद्र उभे राहिले होते. तिथे जवळच गोड्या पाण्याचे तळे आहे, त्याचे नाव 'प्रियदर्शिनी'. पुढे २०१२ मध्ये दूर लार्समन टेकड्यांत 'भारती' हे तिसरे केंद्र सुरू झाले. ते उभारायला जहाजावरचे १३४ कंटेनर एकमेकांना जोडले आहेत. सामान ज्या पेट्यांतून न्यायचे त्याच पेट्यांचे घर झाले!

आता संसाराचा हिशेब बघा. आपल्या वस्तीत मीठ संपले तर पोरगा धावत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो. तिथे वाणी कुठला? जहाज येते ते उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते मार्चच्या सुमारास. एकदा समुद्र गोठला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही यायचे नाही. तेवढ्या दिवसांत तांदूळ, पीठ, डाळ, तेल, औषधे, इंधन, बल्ब, नट-बोल्ट सगळे उतरवून घ्यायचे. मैत्री तर किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत. बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाड्यांना घसरगाड्या जोडायच्या, त्यावर इंधनाच्या टाक्या आणि पेट्या बांधायच्या आणि रांगेने निघायचे. वाटेत बर्फाला भेगा असतात. वरून पातळ बर्फाने झाकलेल्या, खाली खोल. म्हणून ठरलेली वाट सोडायची नाही, पुढच्या गाडीचा माग सोडायचा नाही.

साधे डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखे घट्ट होते, म्हणून थंडी सोसणारे खास इंधन न्यावे लागते. रबर कडक होऊन तडकते, बॅटरी बसते. हातमोजा काढून उघड्या हाताने पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटते. मग एवढासा बोल्ट फिरवायला अर्धा तास लागतो. सगळ्यात मोठे भय मात्र थंडीचे नाही, आगीचे! हवा कोरडी, वारा सुसाट आणि विझवायला पाणी म्हणाल तर तेही गोठलेले. एप्रिल १९८२ मध्ये व्होस्तोकचे वीजघर जळाले, एक माणूस गेला. बाकीच्यांनी हाताने बनवलेल्या शेगड्यांवर तो भयंकर हिवाळा काढला. त्यांना कोणत्या पुस्तकाने वाचवले? हाताला जे काम येत होते त्याने वाचवले.

एका छोट्या वस्तूची गोष्ट सांगतो. १९११-१२ मध्ये दक्षिण ध्रुवावर आधी कोण पोहोचतो याची चढाओढ लागली होती. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी पोहोचला, इंग्लंडचा स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. दोघांनीही परतीच्या वाटेवर शिधा आणि रॉकेल आधीच पुरून ठेवले होते. अमुंडसेनने साठ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लांबपर्यंत झेंड्यांची रांग लावली होती, म्हणजे धुक्यात वाट चुकली तरी कुठला तरी झेंडा दिसेलच. त्याचे इंधनाचे डबे झाळून पक्के बंद केलेले होते. स्कॉटच्या डब्यांना चामड्याचे वायसर होते. थंडीत ते आक्रसले आणि रॉकेल उडून गेले. परतताना साठ्यावर पोहोचावे तर डबे अर्धेमुर्धे! रॉकेल नाही म्हणजे शेगडी नाही, शेगडी नाही म्हणजे प्यायला पाणीही नाही, कारण बर्फ वितळवायचा कशावर? मोठ्या साठ्यापासून केवळ ११ मैलांवर, मार्चअखेरीस, स्कॉट आणि त्याचे दोन सोबती तंबूत मरण पावले. कारणे अनेक होती, थंडी होती, आजार होता, उपासमार होती. पण वायसरही त्यांतले एक कारण होते, हे विसरू नका. ज्याला आपण किरकोळ काम म्हणतो, त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

मैत्रीवर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. पंचवीसच्या आत माणसे, बाहेर अंधार आणि हिमवादळ. वादळात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे तर दोर धरून जायचे, कारण स्वतःचा हात दिसत नाही. तिथे आम्ही एक गोष्ट शिकलो. स्वयंपाकघरातल्या कामाची पाळी सगळ्यांना असते. आज डॉक्टरेट मिळवलेला माणूस भांडी घासतो, कांदे चिरतो, फरशी पुसतो. उद्या मोहिमेचा नेता. सांडपाणी आणि कचरा कुणा एकाच्या माथी मारलेला नसतो. १९९१ च्या माद्रिद कराराप्रमाणे तिथला कचरा सांभाळून, वेगळा करून, बराचसा परत जहाजातून आणावा लागतो. ते काम करताना कुणी कुणाकडे वरून खाली बघत नाही. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काय सोसले ते इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही काय सांगावे! झाडणाऱ्याचे हात हलके आणि लिहिणाऱ्याचे हात भारी, हा भेद त्या बर्फात टिकत नाही. टिकवला तर सगळेच मरतील.

आमच्या एका सोबत्याचे वडील जुलै महिन्यात वारले. निरोप आला, पण जायचे कसे? विमान नाही, जहाज नाही. बापाचे शेवटचे दर्शन नाही. त्या रात्री सगळे जेवणाच्या खोलीत त्याच्याभोवती बसून राहिलो, कुणी फार बोलले नाही. त्याची जनरेटरची पाळी एका शास्त्रज्ञाने घेतली. तिसऱ्या दिवशी तो आपणहून उठला आणि कामाला लागला. म्हणाला, "मी बसलो तर तुम्ही गारठाल." हे दुःख कोणत्याही अहवालात छापले जात नाही.

मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियाचे नोव्होलाझारेव्हस्काया केंद्र आहे. १९६१ साली तिथे लिओनिद रोगोझोव्ह नावाचा २७ वर्षांचा एकच डॉक्टर होता. त्याच्याच पोटात अपेंडिक्स बळावले. त्याने ३० एप्रिलच्या रात्री स्वतःच्या हाताने स्वतःचे ऑपरेशन केले! जगभर त्याचे नाव झाले, व्हायलाच पाहिजे. पण आरसा आणि दिवा धरून उभा कोण होता? केंद्रावरचा मोटार-मेकॅनिक. हत्यारे हातात देत कोण होता? हवामान मोजणारा. त्या दोघांचा हात थरथरला असता तर आज रोगोझोव्हचे नाव कुणी घेतले असते का?

आपल्या देशाच्या नवव्या मोहिमेत, ८ जानेवारी १९९० रोजी, हंबोल्ट पर्वतातल्या छावणीत अपघात झाला आणि चार भारतीय गेले. तिघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे शास्त्रज्ञ होते, चौथा नौदलाचा संदेशवहन तंत्रज्ञ. त्यांच्या स्मृतीची पाटी तिथे लावली आहे आणि अंटार्क्टिका करारातील देशांनी ती ऐतिहासिक स्मारक म्हणून मान्य केली आहे. पाटी एकच आहे बरं का. शास्त्रज्ञांची वेगळी आणि तंत्रज्ञाची वेगळी, असे नाही.

तुम्ही विचाराल, एवढे जीव धोक्यात घालून मिळते काय? ब्रिटनच्या हॅली केंद्रावर १९५६-५७ पासून आकाशातला ओझोन वायू मोजत होते. वर्षानुवर्षे त्याच नोंदी, कंटाळवाण्या. पण त्याच नोंदींवरून १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जगाला सांगितले की दर वसंतात तिथला ओझोन झपाट्याने घटतो आहे. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, ओझोन खाणाऱ्या रसायनांवर बंधने आली. आज आपल्या डोक्यावरचे ते छत्र सावरते आहे. त्या जवळपास तीस वर्षांच्या नोंदीमागे तीस हिवाळ्यांची ऊब होती, वीज होती, गरम जेवण होते. ते कुणी दिले, त्यांची नावे शोधनिबंधावर नसतात.

तरुण मित्रांनो, आता तुमच्यासाठी. संशोधन म्हणजे फक्त मोठ्या पदव्यांचे काम, असे समजून मागे राहू नका. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. मोहिमेसाठी वाहन मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, क्रेनचालक, परिचारक, स्वयंपाकी अशा जागांच्या जाहिराती त्यांच्याकडून निघत असतात. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि हातात खरे कौशल्य असेल तर दार ठोठावून बघा. निवड झाली की कडक वैद्यकीय तपासणी होते, हिमालयात औली येथे बर्फावर वावरण्याचे शिक्षण मिळते. वय झाले म्हणूनही हिरमुसू नका. इस्रोच्या मंगला मणी वयाच्या ५६ व्या वर्षी भारती केंद्रावर गेल्या, उपग्रहांच्या केंद्राचे काम पाहिले आणि ४०३ दिवस राहून परतल्या. त्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या. आणि हो, ज्यांना शास्त्रज्ञ व्हायचे आहे त्यांनी शास्त्रज्ञच व्हा, खूप शिका. फक्त शिकून मोठे झाल्यावर ज्याने तुमचा दिवा पेटता ठेवला त्याचे नाव विचारायला विसरू नका.

माता-भगिनींना एवढेच सांगणे, की मुलगा गॅरेजात काम शिकतो म्हणून मान खाली घालू नका. त्याला काम नीट शिकू द्या, पुरे शिकू द्या. वायसर बसवायचा तर असा बसवावा की त्यावर कुणीही आपला जीव सोपवावा.

 

जय भीम!